नाना, मी पाखरं बघायला गेले होते

नाना, परवा तुमचं पितर होतं. दादानं मळ्यातल्या घराच्या गच्चीवर पान वाढलं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं तुमच्या आवडीचं. आम्ही कठड्याला टेकून कावळ्याची वाट बघत उभे. समोरच्या तारेवर दोन बसले होते, पानाकडं बघत होते, पण उतरायचं नाव नाही. वहिनी काव काव करून दमली. मग दादा माझ्याकडं वळला. म्हणाला, "तायडे, तू बोल. नानांचा जीव तुझ्यात अडकलाय. हात जोड आणि म्हण, माझ्या मनात काही नाही." मी म्हटलं, "आहे की मनात. नाही कसं म्हणू?" तो म्हणाला, "अगं, नुसतं म्हणायला काय जातं?" मी म्हटलं, "नुसतं तूच म्हण. तुझ्या मनात खरंच काही नाही, तू शाळेत गेलास." झालं, दादा तापला, वहिनी रडायला लागली, कावळे उडून गेले. शेवटी पान गाईला घातलं. तुम्ही उपाशी राहिलात त्याला मी कारण आहे, असं आता घरात ठरलंय. ठरू दे. मनात काय आहे ते दादापुढं बोलले तर तो मधेच तोडणार, म्हणून लिहिते. मला लिहायला वेळ लागतो, वेलांट्या कुठं पहिल्या कुठं दुसऱ्या ते कळत नाही, पण लिहिताना कुणी मधे बोलत नाही हे बरं असतं.

पहिलं हे ऐका, की गेल्या पौषात मी अंदमानला जाऊन आले. विमानानं, समुद्रापलीकडं. देवाला नाही, नातेवाइकाकडं नाही. पाखरं बघायला. हाकलायला नाही आणि धरायलाही नाही, नुसती बघायला. आता तुम्ही असतात तर तंबाखू मळता मळता हात थांबला असता तुमचा. थांबू दे. घरात मला कुणी अडवलं नाही. मला अडवायची आमच्या घराची सवय मोडून बरीच वर्षं झाली.

इंदिरानगरला आमच्या मागच्या गल्लीत एक मॅडम राहतात. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. माझ्याकडचा डबा खातात आणि भाजीत मीठ कमी असेल तर तसं तोंडावर सांगतात, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं. दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून त्या नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावर जातात. म्हणजे आपल्याच नदीवर, गंगेवर, सायखेड्याच्या खाली. एकदा म्हणाल्या, "चल गं, घरी बसून काय करतेस?" मी गेले, ती जातच राहिले. त्यांच्या ग्रुपचे एक सर आहेत, ते वर्षाला एक लांबची ट्रिप काढतात. यंदा अंदमान. मीटिंगमध्ये सर सांगत होते, तिथली काही पाखरं प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे त्या बेटांवरच जन्मली, तिथंच राहिली, जगात दुसरीकडं कुठंच सापडत नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे सासरी न गेलेली." सगळे हसले. सरही हसले. मी काही हसवायला बोलले नव्हते. मला त्या पाखरांचा हेवा वाटला होता.

आता तुमच्याकडं येते. मी तिसरीत होते. बाजरीत दाणा भरला आणि तुम्ही बाजारातून येताना सुताच्या रंगीत दोऱ्या आणल्यात, ओट्यावर बसून त्यांची गोफण विणलीत. तांबडी आणि हिरवी. इतकी सुरेख गोफण आख्ख्या शिवारात कुणाकडं नव्हती. दादाला त्याच बाजारातून दप्तर आणलं होतं. मला गोफण मिळाली आणि मी वेडी, गावभर दाखवत फिरले की नानांनी माझ्यासाठी केली. तुम्ही म्हणालात, "राखण संपली की जा परत शाळेत." बाजरी संपली, जोंधळा उभा राहिला. जोंधळा निघेस्तोवर परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्षी मास्तर घरी आले तर तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, "पोरगी लय हुशार हाय, तिच्याशिवाय पाखरं दुसऱ्या कुणाला भीत नाय." मास्तर चहा पिऊन गेले. मी दाराआड उभी राहून ऐकलं आणि मला, सांगायला लाज वाटते पण सांगते, अभिमान वाटला.

मी माळ्यावर उभी आहे. चार लाकडं रोवून वर फळ्या टाकलेल्या, खडबडीत, पायाला टोचतात म्हणून मी गोणपाट अंथरलंय. थंडीचे दिवस आहेत, जोंधळा छातीच्या वर आलाय, आणि गंगेच्या अंगानं भोरड्यांचे थवे येतात. दहा-वीस नाहीत. आभाळात कुणी सतरंजी झटकावी तशी त्यांची लाट वळते, काळी होते, मग गुलाबी दिसते, मग परत काळी. मी गोफण खाली सोडते. मला हाळी द्यायचं सुचत नाही. त्या उतरतात, कणसं वाकतात, आणि मी बघतच राहते. तुम्ही विहिरीकडून धावत येता, माळ्यावर न चढता खालूनच माझा पाय ओढता, मी पडते, आणि पडल्यावर थोबाडीत बसते. "बघती काय? नाटक चाललंय का हितं? बघून पोट भरतं का?" मग तुम्ही माझीच गोफण घेऊन फिरवलीत आणि तुमच्या नरड्यातून ती हाळी निघाली, हाऽऽ हुर्रर्रऽऽ हाऽऽ, की शेजारच्या मळ्यातलंही पाखरू उठलं. मी ती हाळी तिथं शिकले. परत कधी बघत बसले नाही. राखणीत मी पुढं तुमच्याहून पक्की झाले, हे तुम्हीच चारचौघात सांगायचात.

एकदा मी हे तुम्हाला बोलून दाखवलं होतं. आठवतं का? आम्ही इंदिरानगरला नवीन राहायला आलो होतो, आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट होते. तुम्ही बाजरीची गोणी घेऊन आलात आणि स्वयंपाकघरात पाटावर बसलात. माझे गिऱ्हाइकांचे सकाळचे डबे चालले होते, एका चुलीवर भात, एकीवर आमटी. देव्हाऱ्याच्या वर चिमण्यांनी घरटं केलं होतं, त्या खिडकीतून आत येत होत्या. तुम्ही बसल्या जागेवरून टाळी वाजवलीत. मी म्हटलं, "राहू द्या नाना." "घाण करतील." "करू द्या. मी पुसते ना." "पाखरांचा एवढा पुळका कधीपासून गं?" मी पोळी लाटता लाटता म्हटलं, "त्यांनी माझी शाळा खाल्ली, आता ती वसूल करते." तुम्ही वर घरट्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, चुकलं म्हणणार नाहीत पण निदान वाईट वाटलं एवढं म्हणतील. तुम्ही म्हणालात, "दादानं शिकून काय दिवे लावले? द्राक्षालाच औषध मारतो ना? तू बरी निघालीस की." आणि आमटी मागितलीत. मी वाढली. बरी निघाले, पण ती माझी मी निघाले नाना. त्याचं श्रेय तुम्ही आमटीबरोबर ओरपलंत, ते मला अजून खुपतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि माझं बोलणं तोंडातल्या तोंडात राहिलं.

तर अंदमान. पोर्ट ब्लेअरला उतरलो, आम्ही दहा जण. सगळ्यांत अशिक्षित मी, आणि दुर्बीण सगळ्यांत जुनी माझी, मॅडमची वापरून झालेली. तिथला वाटाड्या माझ्याच वयाचा, त्याचे आजोबा रांचीकडून जंगल तोडायला आलेले, ते तिथंच राहिले. हळू चालायचं, भडक कपडे घालायचे नाहीत, बोलायचं नाही, असे सरांचे नियम. मी पाळले. दोन दिवसांत काळा सुतार बघितला, नुसता कोळसा आणि डोक्यावर तांबडा तुरा. मातकट रंगाचा भारद्वाज बघितला. पण सरांचा जीव अडकला होता एका रानकबुतरात. तिथलंच, दुसरीकडं कुठंच नसलेलं. सर त्याच्यासाठी दुसऱ्यांदा आले होते, पहिल्या खेपेला ते दिसलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी वाटाड्यानं आम्हाला जंगलाच्या कडेला नेलं. एका बाजूला उंच झाडं, दुसऱ्या बाजूला पिकलेली भातखाचरं, आणि मधे उंबरासारखं फळांनी लगडलेलं एक झाड. आम्ही बांधावर दबून बसलो. ऊन वर आलं, डास चावून गेले, कुणी हललं नाही. आणि ती कबुतरं आली, दोन. पानांत शिरली. वाटाड्यानं बोट उचललं. सरांनी तो हातभर लांब कॅमेरा डोळ्याला लावला. मला काही दिसत नव्हतं, मी सगळ्यांच्या मागं होते, दुर्बिणीत नुसती पानं. तेवढ्यात पाठीमागून राघूंचा थवा आला, किरकिरत आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत भातावर उतरला. लोंब्या वाकल्या.

नाना, मग मी तिथं नव्हतेच. हात खाली गेला, ढेकूळ हाताला लागलं, डोक्यावरून फिरलं, आणि नरड्यातून निघालं, हाऽऽ हुर्रर्रऽऽ हाऽऽ! इतक्या वर्षांत दिली नव्हती, पण तशीच्या तशी निघाली, आणि ती माझी नव्हती, ती तुमची होती. राघू उठले. उंबरावरची कबुतरं उठली. जंगलात जे जे बसलं होतं ते सगळं उठलं.

सरांनी कॅमेरा खाली घेतला. "काकू," ते म्हणाले, "हे काय केलंत?" मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात खाचराच्या पलीकडच्या झोपडीतून एक बंगाली बाई बाहेर आली, तिचंच भात असणार. हातात टिनाचा डबा आणि काठी. ती पोट धरून हसत होती. ओरडून म्हणाली, "अरे दीदी, तुम तो हमारा पूरा काम कर दिया! कल भी आना, चाय पिलाएगा!" वाटाड्या तोंड फिरवून हसला. मीही हसले असते, पण सरांचं तोंड बघितलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सर माझ्यासमोर येऊन बसले. आवाज एकदम गोड. "काकू, उद्या आपण पलीकडच्या बेटावर जाणार आहोत. बोट लहान आहे. तुम्ही इथंच थांबा, छान बीच आहे, आराम करा."

"बोट लहान आहे, तर माझ्या जागी कोण बसणार?"

"कुणी नाही."

"मग लहान कशी?"

टेबलावर कुणीतरी फिस्कन हसलं. सर म्हणाले, "काकू, स्पष्ट बोलू?"

"बोला. गोल बोललेलं मला कळतच नाही."

"उद्या शेवटची संधी आहे. इथं बाकी प्रत्येक जण आयुष्यात एकदा येतो. तुमच्यामुळं पक्षी उडाला."

"माझी दुसरी वारी आहे का मग? मी पण एकदाच आलेय."

"तुम्हाला काय कमी पाखरं बघायला मिळाली?"

त्यांनी हे साधंच विचारलं होतं. त्यांना काय ठाऊक. पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, मला तिसरीतून उठवलं ते पाखरं हाकलायला. तेव्हा बघत बसले तर थोबाडीत खाल्ली. आज हाकललं तर तुम्ही म्हणता घरी बस. म्हणजे बघितलं तरी मीच चुकले आणि हाकललं तरी मीच. आता मी चुकायची थांबले. उद्या मी येणार." मला वाटलं, सर विरघळतील. नाही विरघळले. म्हणाले, "तुमचं ऐकून वाईट वाटलं, पण माझा निर्णय झालाय." त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं, ते मी तिथंही कबूल केलं असतं. पण त्यांचं बरोबर आहे म्हणून मी खोलीत बसायचं, हे कुठून आलं? मॅडम खोलीत आल्यावर म्हणाल्या, "अगं, एक दिवस राहा ना. समुद्र बघ. माझ्याखातर." मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही मला पाखरं दाखवायला आणलंत का सोबतीला?" त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मीही झोपले. मला झोप छान लागली.

उजाडायच्या आत मी बोटीत जाऊन बसले. मधल्या फळीवर, पिशवी मांडीवर, ते नारंगी जाकीट गळ्यापर्यंत आवळून. बाकीचे आले, मला बघून एकमेकांकडं बघायला लागले. सर आले. "काकू, उतरा." "नाही." "काकू, प्लीज." "उचलून ठेवा हवं तर." आता मी काही माळ्यावरची पोर राहिलेले नाही, मला उचलायचं म्हणजे चौघं लागले असते, आणि ते चौघंही बोटीबरोबर आडवे झाले असते. बोटवाला म्हणाला, "साब, पानी उतर रहा है, जाना है तो चलो." मग मॅडम चढल्या. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी आपली पिशवी माझ्या पिशवीवर ठेवली. मग सगळे चढले. सर सगळ्यांत शेवटी. बेट येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याची गरज नव्हती.

बेटावर पाणी, रेती, आणि रेतीला लागूनच जंगल. वाटाड्यानं एका झाडाखाली बसवलं. मी ओढणीचा बोळा करून दातांत धरला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. सरांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, बघा, बांधून बसलेय. किती वेळ गेला कोण जाणे, हातांना मुंग्या आल्या. मग वरच्या फांदीवर ते आलं. दुर्बीण लागलीच नाही. मोठं, राखाडी, डोकं पांढुरकं, मानेवर बारीक चौकडी. चोचीचं टोक पिवळं. ते फळ तोडायचं, गिळायचं, पंख झाडायचं, मधे एकदा शिटलं. सरांचा कॅमेरा खटखट वाजत होता. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी मात्र बघत राहिले. मागून कुणी पाय ओढणार नव्हतं. पोट भरल्यावर ते आपण होऊन उठलं आणि झाडांमागं गेलं. मी हात मांड्यांखालून काढले तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. मॅडमनी ते स्वतःच्या हातांत घेऊन चोळले. हळूच विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "पारवाच आहे की. आपल्या देवळाच्या शिखरावर बसतात तसला, जरा थोराड." सरांनी ऐकलं. मला वाटलं चिडतील. ते डोळे पुसत म्हणाले, "काकू, तुमच्यापुढं हात टेकले." टेकू देत.

राग गेला का, असं दादा विचारतो. नाही गेला. पाखरू बघितलं म्हणून शाळा परत येत नाही, आणि मी तसं समजून गेलेही नव्हते. मला बघायचं होतं, मी बघितलं, एवढंच. पुढच्या वर्षी सर आसामला नेणार आहेत, मी नाव दिलंय. त्यांनी घेतलंय. आणि हे पाठवणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की दादा वाचून दाखवायचा आणि नको ते गाळायचा, तुम्हाला वाटायचं मामाकडं सगळं खुशाल आहे. हेही त्यालाच वाचावं लागलं असतं, आणि त्यानं इतकं गाळलं असतं की तुमच्यापर्यंत फक्त अंदमान पोचलं असतं.

एक राहिलं. परतताना समुद्र खवळला. बोट एवढी वर जायची आणि दाणकन खाली आदळायची, अंगावर पाणी, कुणाला उलट्या. सगळे आपापल्या देवाचं नाव घेत होते, सरसुद्धा. माझ्या तोंडून "नाना" निघालं. दोनदा निघालं. मॅडमनी विचारलं, "कोण गं नाना?" मी म्हटलं, "कुणी नाही, आमच्याकडं असंच म्हणतात." लाट मोठी होती म्हणून निघालं. तेवढ्यावरून फुगून जाऊ नका.